मालकांनी नेलेला माल

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी दानेश्वरी शाहूपुरीतल्या दुकानात बसायला आली, तेव्हा सोमेशनं तिच्यासाठी जागा करून ठेवली होती. गोडाऊनकडं चढणाऱ्या जिन्याखाली, जिथं एरवी फाटकी पोती आणि पाईप चिकटवायच्या सोल्युशनचे रिकामे डबे पडलेले असत, तिथं एक टेबल, एक कंप्युटर आणि पाठ नसलेलं स्टूल. पंख्याचा वारा तिथवर पोचत नव्हता.

"अक्का, तुझी खुर्ची," एवढं बोलून तो गिऱ्हाइकाकडं वळला. त्या दिवसभरात धाकटा भाऊ तिच्याशी बोलला ते तेवढंच.

दुकान पाईप आणि शेतीपंपांचं. वडील बसलिंगाप्पा, म्हणजे अप्पा, मूळचे नेसरीचे. पोरवयात कोल्हापुरात येऊन दुसऱ्याच्या दुकानात हमाली केली, मग स्वतःचं दुकान टाकलं. आता सत्तरीला टेकले होते, तरी गल्ल्यावर अजून तेच बसत आणि दुकानही त्यांच्या एकट्याच्याच नावावर होतं. त्यांनी गल्ल्यावरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासनं ह्या दुकानातनं साधा नळ जरी भायेर गेला तरी अक्काच्या कंप्युटरात आधी चढला पायजे. मग न्हेणारा कुणीबी असू दे."

'कुणीबी' म्हणताना ते सोमेशकडं बघत होते. काउंटरवरचा म्हातारा आकाराम खाली मान घालून पाईपचे एल्बो निवडत राहिला.

यामागचं कारण अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. वर्षभर दुकानात माल यायचा आणि जायचा, खरेदीच्या पावत्या एका फायलीत आणि विक्रीची बिलं दुसरीत साठायची. मार्च संपला की दोन दिवस शटर ओढून मोजदाद. इतकं आणलं, इतकं विकलं, म्हणजे इतकं राहायला पाहिजे, पण राहिलेलं दरवर्षी कमी भरायचं. कधी दोन-तीन मोटरी, कधी काळ्या पाईपची बंडलं, कधी केबल. माल कधी गेला, कुणी नेला, हे वर्षाच्या शेवटी एकदाच मोजणाऱ्याला कळायचा काही मार्ग नव्हता. अप्पांना त्या मार्गाची गरजही वाटत नसे. ते सोमेशला भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत उभं करायचे.

"बघा पावणं, ह्यो आमचा वारस. बापाचंच दुकान कुरतडतोय."

सोमेश सुरुवातीला भांडायचा. पुढं पुढं नुसता ऐकून घ्यायला लागला, आणि ऐकून घेतो म्हणजे खरंच असणार, असं पेठेनं धरून टाकलं. दानेश्वरीनंही धरलं. सोमेशनं जुनी का असेना पण चारचाकी घेतली, तेव्हा पेढा तोंडात टाकताना तिनं मनातल्या मनात म्हटलं होतं, ही कुठल्या मोटरींची गाडी कोण जाणे.

ती गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत स्टोअरला होती. तिथं एक बोल्ट हलला तरी हलल्या क्षणी नोंद व्हायची, कुठल्याही घटकेला कंप्युटरवर दिसायचं की कपाटात काय आहे. ती फौंड्री बंद पडली. नवरा बिद्रीला कारखान्यात केमिस्ट, मुलगी कोल्हापुरात शाळेत. दानेश्वरी घरी बसून होती तेव्हा अप्पा स्वतः तिच्या दारात आले आणि म्हणाले, "तुझी ती फौंड्रीची पद्धत आमच्यात चालू कर. त्येला एकदा रंगेहात धरून दे मला."

ती हो म्हणाली. काम मिळालं म्हणून आणि धरून द्यायचं म्हणूनही.

सुरुवातीला सगळं दुकान मोजून तो आकडा कंप्युटरात चढवला. मग टेम्पोतून माल उतरला की खाली ठेवायच्या आत चढवायचा. बिल झालं की तेवढे नग आपोआप वजा व्हायचे, आणि ते आपल्याला कितीला पडले होते तेही विकलेल्या मालाच्या खात्यात जायचं. परत आलेलं परत चढवायचं, फुटलेलं फुटलं म्हणून. मोजायला मार्चची वाट बघायची नाही, वाटेल त्या दिवशी वाटेल तो खण मोजून कंप्युटरशी ताडून बघायचा.

सोमेशनं तिला जेरीस आणायचं ठरवलं होतं. दुकानात गर्दी असली की तो मोठ्यानं म्हणायचा, "पावणं, जरा दम धरा. आमच्यात आता फूट व्हॉल्व्ह न्ह्याचा म्हंजी जिन्याखालच्या बाईची परवानगी लागतीया." लोक हसायचे. परत आलेला माल तो लांबूनच तिच्या टेबलावर टाकायचा. एकदा तर त्यानं रबराचा एकच वायसर आणून तिच्यासमोर ठेवला.

"ह्यो खाली पडलावता. लिव. नायतर रात्री झोप लागणार न्हाई तुला."

तिनं त्याच्याकडं न बघता कुठल्या मापाचा ते विचारलं आणि खरंच नोंद केली. तो तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, "तुला लाज कशी वाटत न्हाई गं," आणि गेला.

ती रोज सकाळी एक खण मोजायची. कुठला, ते आधी कुणाला सांगायची नाही. सोमेश पाठीमागं येऊन उभा राहायचा, हाताची घडी घालून. आकडा जुळायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा खण, तोही जुळायचा. एकदा पितळी व्हॉल्व्हच्या खणात एक नग कमी आला, तेव्हा तिच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. तासाभरानं तो नग शेजारच्या खणात सापडला. आकारामनं घाईत चुकून तिकडं टाकला होता. व्हॉल्व्ह सापडल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तिचा दिवस खराब गेला.

संध्याकाळी अप्पांना घरी सोडायला ती स्कूटरवरून जायची, तेव्हा मागं बसलेले अप्पा तिच्या कानाशी विचारायचे, "गावलं का काय?"

"न्हाई, अप्पा. जुळतंय सगळं."

"लै बेरकी हाय ते. तू नीट बघ."

अव्वा, म्हणजे दानेश्वरी-सोमेशची आई रत्नव्वा, दारातच भाकरीच्या पिठाचे हात घेऊन उभी असायची. तीही तेच विचारायची, फक्त डोळ्यांनी.

असे चार महिने गेले. फेब्रुवारीत उन्हं तापायला लागली आणि गावाकडून पाईपांच्या चौकशा सुरू झाल्या. एके दिवशी सोमेश पंप कंपनीच्या मीटिंगसाठी सांगलीला गेला होता. दानेश्वरी मुलीच्या शाळेत जाऊन येते म्हणून निघाली होती, पण शाळेतलं काम लवकर आटोपलं. ती गोडाऊनच्या मागच्या गल्लीनं आली तर दाराशी टेम्पो उभा. आकाराम आणि ड्रायव्हर काळ्या पाईपची बंडलं टेम्पोत चढवत होते. फाळक्याजवळ खोक्यातली नवी सबमर्सिबल मोटर ठेवली होती. अप्पा सावलीत उभे राहून, पाईप दबणार नाही असं लावा, म्हणून सांगत होते.

"कुठं चाललंय, अप्पा?"

अप्पा दचकले नाहीत. "गावाकडं. मोटर मठाला, हिरीवर बसवायची हाय. आणि पाईप आपल्या चुलत्याच्या नव्या घराला."

"बिल?"

"माझ्या मालाचं मलाच कसलं बिल?"

टेम्पो गेला. अप्पा गल्ल्यावर जाऊन बसले. तिनं आकारामला गोडाऊनमध्येच थांबवलं.

"आकारामकाका, असं आधीबी जायचं?"

आकारामनं हात पँटला पुसले. "जातंय की. दर सालाला. उन्हाळ्याच्या तोंडावर मालक न्हेत्यात. मठाला, पावण्यास्नी, कुणाच्या हिरीला. गावात लै मान हाय त्यांस्नी."

"आणि एप्रिलमधी सोमेशला बोलत हुते तवा तुम्ही गप्प बसायचा?"

"ताई, मी पगारी माणूस," आकाराम म्हणाला. मग रागानं म्हणाला, "तुमी त्येची बहीण हायसा. तुमी कवा इचारलंसा?"

त्या संध्याकाळी तिनं स्कूटर रंकाळ्याच्या कडेला थांबवली. अप्पा उतरले नाहीत. ती उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"दरसाली कमी आलेल्या मोटरी ह्याच नव्हं, अप्पा?"

"मी न्हेलं ते कमी झालेलं न्हाई. ते माझंच हुतं."

"मग सोमेशला चोर का केलासा?"

अप्पा तळ्याकडं बघत बसले. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात, जणू पाईपचा भाव सांगावा तसं सांगितलं, "त्येला धाक पायजे. धाक नसता तर कवाच दुकान मागून बसला असता. आमच्या साडूच्या पोरानं काय केलं बघितलंस की. बापाला व्हरांड्यात बसीवलंय."

"मग मला कशाला आणलासा?"

"वाटलं, त्योबी थोडं फार करत असंलच. कोण करत न्हाई?"

दानेश्वरीनं त्यांना घरी सोडलं आणि परत दुकानात आली. आकाराम शटर ओढायच्या तयारीत होता. त्याला थांबवून तिनं कंप्युटर चालू केला, स्टॉकमधून मोटर आणि बंडलं वजा केली आणि नवीन खातं उघडून त्याला नाव दिलं, 'मालकांनी स्वतःसाठी नेलेला माल'. फौंड्रीत असतं तसंच. विक्री नाही, फूट नाही, चोरी नाही. मालकानं नेलं, इतकंच. लिहिताना तिला न्याय वगैरे काही सुचलं नव्हतं. अप्पांचा तो साधा आवाज तिच्या कानातून जात नव्हता.

सोमेशला सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं सांगितलंही नाही. दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक मोटर विचारत आलं, सोमेशनं किती शिल्लक आहेत ते बघायला तिचा कंप्युटर आपल्याकडं वळवला आणि त्याला एक मोटर कमी दिसली. त्यानं ती नोंद उघडली, वाचली. गिऱ्हाइकाला मोटर दाखवली, भाव केला, बिल केलं, माल गाडीत ठेवून आला. मग जिन्याखाली येऊन टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"चोर धराय आलतीस. धरलास व्हय?"

"सोमेश…"

"माझ्या घरात येऊन जेवायचीस. माझ्या पोराला मांडीवर घ्यायचीस. आणि आतनं मला चोर समजायचीस."

खोटं बोलायची सोय नव्हती. "समजत हुते," ती म्हणाली.

"आता काय समजतीस?"

"आता चुकलं म्हणून सांगते."

"ते चुकलं तुझ्याजवळच ठेव," तो म्हणाला. "त्याला खातं न्हाई माझ्याकडं."

त्यानंतर त्यानं तिला छळायचं बंद केलं. तिला ते जास्त जड गेलं. तो तिच्या समोरून जायचा जसा माणूस रॅकसमोरून जातो.

मार्च अखेरीला शटर ओढून मोजदाद झाली. संध्याकाळी आकारामनं गल्ल्याजवळ येऊन सांगितलं, "मालक, एक नग कमी न्हाई." ज्या दुकानात असं कधी झालं नव्हतं त्या दुकानाच्या मालकाचं तोंड हे ऐकून उतरलं. त्यांनी सीएला द्यायचा कागद मागून घेतला, बोट फिरवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले.

"हे काय लिवलंयस?"

"तुम्ही न्हेलेला माल."

"पूस."

"पुसला तर तेवढा माल रॅकमधी दिसाय पायजे. तो न्हाई."

"मग तूट म्हणून लिव. दरसाली लिवतोय तसं."

"तूट म्हंजी माल कुठं गेला ते ठाव नसणं, अप्पा," दानेश्वरी म्हणाली. "हा कुठं गेला ते मला ठाव हाय. तुमास्नीबी हाय. मठानं शाल घालून सत्कार केलाय की तुमचा."

"माझ्या दुकानात मला शिकिवतीस? उद्या सीए मला इचारणार, मालक, किती न्हेलासा. मी काय त्याचा नोकर हाय?" त्यांचा आवाज चढला. "सोमेश, हिकडं ये. ती लिवत न्हाई तर तू लिव. तूट."

सोमेश रॅकजवळ उभा होता. तो आला, स्टूल ओढून कंप्युटरसमोर बसला, आणि दानेश्वरीला वाटलं की आता तो उठून बापाच्या अंगावर जाणार. तो शांतपणे म्हणाला, "लिवतो की. पण अप्पा, आजवर तूट माझ्या नावावर हुती आणि दुकान तुमच्या. आता दोन्ही एकाच नावावर करा. लगेच लिवतो."

"माझ्या जित्यापणी मागतोस?"

"तुमच्या जित्यापणीच मागतोय. मागनं कोण देणार?"

अप्पांच्या हाताशी पितळी व्हॉल्व्ह होता. तो त्यांनी फेकून मारला. व्हॉल्व्ह सोमेशच्या कानाजवळून जाऊन लोखंडी रॅकवर आपटला आणि जमिनीवर घरंगळला. सोमेशनं तो उचलला, उजेडात धरून आटे बघितले आणि खोक्यात परत ठेवला.

"फुटला न्हाई. न्हाईतर त्योबी लिवाय लागला असता," तो म्हणाला.

अप्पा आठवडाभर दुकानात आले नाहीत. अव्वा दानेश्वरीच्या घरी येऊन बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. "तू आलीस आणि घर पेटलं," ती म्हणाली. "बाप हाय तो. चार पाईप दिलं असतील गावाला. ते लिवून ठेवाय तुला कुणी सांगितलंतं?"

"त्यांनीच सांगितलंतं, अव्वा. कुणीबी असू दे म्हणालंते."

"म्हणालंते," अव्वा म्हणाली, "पण तुला कळाय नगं?"

सीएचा त्या कागदासाठी तगादा वाढला, तसे अप्पा सोमेशचं म्हणणं कबूल करून वकिलाकडं गेले. दुकानात सोमेशची निम्मी भागीदारी झाली. कागदावर सह्या झाल्या त्याच दुपारी सोमेश जिन्याखाली आला, दानेश्वरीला उठवून स्वतः बसला, तिनं केलेली नोंद काढून टाकली आणि तिथं तूट लिहिली. कागद छापून त्याखाली स्वतःची सही केली. दुकानाचा भागीदार झाल्यावर त्यानं मारलेली ही पहिलीच सही.

"हे खोटं हाय, सोमेश."

"असू दे."

"तुझ्यावर येतंय ते."

"आजवर फुकट माझ्यावर आलतं. आता त्येचं मोल मिळालं." त्यानं कागद फायलीला लावला. "आणि उद्यापासनं तू येऊ नगंस. पद्धत चांगली हाय तुझी, ती मी चालू ठेवणार हाय. पण तू ह्या स्टुलावर कशासाठी बसलीवतीस ते मी इसरणार न्हाई."

तिनं डबा, चष्मा आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली. गल्ल्यावर अप्पा होते. त्यांनीही मान वर केली नाही. पुढच्या महिन्यात तिला उद्यमनगरातल्या एका मोटर-पार्टच्या दुकानात स्टॉकचंच काम मिळालं.

सोमेशनं पद्धत खरंच चालू ठेवली, आणि ती चालवायला त्याला बहिणीपेक्षा कडक हात होता. आकारामच तिला कधी रस्त्यात भेटला की सांगायचा. गावाकडचा कुणी पाहुणा आला आणि अप्पांनी सवयीनं रॅकमधला एक नळ काढून त्याच्या हातात ठेवला, तर सोमेश पाहुण्यादेखत चिठ्ठी पुढं करायचा. "अप्पा, सही." अप्पांनी दोनदा सही केली. तिसऱ्यांदा नळ रॅकमध्ये परत ठेवला आणि त्यानंतर दुकानात जाणं सोडून दिलं.

मे महिन्यात नेसरीला चुलत्याच्या नव्या घराची घरभरणी निघाली. भाऊबंद, पाहुणे, मठातली वडीलधारी मंडळी, सगळे आले. हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, पंगती उठत होत्या. पुरुषांची एक पंगत जेवून बाहेरच्या सोप्यात बसली होती, बायका आतल्या दाराशी. अप्पा मधोमध होते. कुणीतरी सहज विचारलं, दुकान कसं चाललंय, आणि अप्पांचा बांध फुटला.

"कसलं दुकान? पोरानं बळकावलंय. इतकी वर्सं खाल्लं ते खाल्लं, मी झाकून घेतलं. आता तर कागदावर कबूल केलंय त्यानं. तूट, आणि खाली त्याची सही. कुणाला खोटं वाटत असंल तर सीएच्या हापिसात जाऊन बघा."

सोमेश दाराजवळ पान हातात घेऊन बसला होता. त्यानं चुन्याची डबी बंद केली आणि जमिनीकडं बघत राहिला. कुणी त्याच्याकडं बघेना. दानेश्वरीच्या शेजारी त्याची बायको बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. म्हातारे माना हलवत होते, काय करायचं, पोटचं पोर, म्हणत होते. ती हलणारी एक एक मान दानेश्वरी बघत होती, आणि आपणही इतकी वर्षं तशीच मान हलवली, हे तिला दिसत होतं. ती उठून सोप्यात आली.

"अप्पा, तो माल मठात हाय."

"तू आत जा."

"मोटर मठाच्या हिरीवर हाय. तुम्ही ती दिलीसा म्हणून शाल घातली तुमास्नी, हितल्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजिवल्या. आणि पाईप ह्याच घराला लागलाय. आज हात धुतलंसा ते पाणी त्यातनंच आलंय. त्याच मालाची ती तूट. मी लिवलंतं तुमच्या नावानं. तुम्ही पुसाय लावलासा."

मठातल्या एका वृद्धानं घसा खाकरला आणि हातातली सुपारी खाली ठेवली. चुलता उठून उगीचच आत गेला. अप्पांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ते काठी न घेताच उभे राहिले.

"हिला कुणी बोलीवलंतं हितं?" ते सगळ्यांना म्हणाले. "माझी लेक न्हाई ही."

अव्वानं त्यांची काठी घेतली आणि त्यांच्या मागून बाहेर पडली. दानेश्वरीजवळून जाताना कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली, आणि जे पुटपुटली ते आईनं लेकीला म्हणावं असं नव्हतं.

बाहेर सोमेश गाडीजवळ उभा होता. त्याची बायको आणि मुलगा आत बसले होते, मागं एक जागा रिकामी होती. दानेश्वरी त्याच्याकडं गेली. तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं, आणि तो बोललाही.

"तुला कुणी बोलाय सांगितलंतं?"

"तुला सगळ्यांम्होरं चोर म्हणत हुते."

"म्हणू दे की. मी माझं नाव इकून दुकान घेतलंय, अक्का. सौदा झालावता. आता अप्पा उद्या वकिलाकडं जाणार, भागीदारी मोडा म्हणणार, आणि मी पुन्हा पयल्यापासनं भांडणार." त्यानं दार उघडलं. "तुझं मन हलकं झालं. बरं झालं. तेवढ्यासाठीच बोललीस तू."

ते सगळं खरं नव्हतं आणि सगळं खोटंही नव्हतं. गाडी गेली. ती चालत एसटीच्या थांब्यावर आली. ती पंगतीला बसलीच नव्हती. गडहिंग्लजच्या स्टँडवर तिनं दोन केळी घेतली आणि कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभ्या उभ्याच खाल्ली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. भूक मात्र सपाटून लागली होती.

अप्पा वकिलाकडं गेले नाहीत. सोप्यात झालेलं गावभर झालं होतं, आणि कोर्टात उभं राहून, माल कुठं गेला असं विचारल्यावर मठाच्या माणसांकडं बोट दाखवायची त्यांची तयारी नव्हती. दुकान सोमेशच चालवतो, पाटीवर आता त्याचंही नाव आहे. पेठेत त्याला चोर म्हणायचं हळूहळू थांबलं, त्याऐवजी लेकीनं बापाचं नाक कापलं असं म्हणतात. ते उद्यमनगरापर्यंत पोचतं. तिचा नवा मालक एकदा हसत हसत म्हणाला, "बाई, आमचं लिवताना जरा दमानं." ती हसली नाही. तिनं त्याला स्वतःसाठी नेलेल्या मालाचं खातं उघडून दाखवलं, आणि त्यानं दुसऱ्या दिवशी घरी नेलेल्या दोन बेअरिंगची चिठ्ठी गुपचूप तिच्या टेबलावर ठेवली.

अव्वा अधूनमधून फोन करते. नातीची चौकशी करते, बाकी काही बोलत नाही. फोनमध्ये पाठीमागं अप्पांचा खोकला ऐकू येतो, म्हणजे ते तिथंच बसलेले असतात. अप्पांना फोन दे, असं म्हणणं दानेश्वरीनं आता सोडून दिलं आहे.